चिचेची बडबड

नोव्हेंबरातल्या त्या रविवारी ब्रिटाच्या युनिव्हर्सिटीतली सगळी परदेशी पोरं इग्वासूचा धबधबा बघायला गेली होती, आणि ब्रिटा मात्र घरमालकीण ओफेलियाच्या न्हाणीघरात आरशासमोर उभी राहून भुवया उडवत होती. दोन्ही भुवया वर म्हणजे तलवारीचा एक्का. एक डोळा मिचकावला की सोट्याचा एक्का. खालचा ओठ चावला की तिर्री. आणि दोन्ही डोळे मिटले म्हणजे ‘मी आंधळी’, हातात काही म्हणजे काही नाही.

"अगं ए, आरशाच्या प्रेमात पडलीस की काय? जेवण गार होतंय!" ओफेलिया स्वयंपाकघरातून ओरडली.

पत्त्यांच्या स्पर्धेच्या दिवशी अंगात बळ हवं म्हणून ओफेलियाने पहाटेपासून वजडी शिजवली होती. ब्रिटा या घरात मार्च महिन्यात राहायला आली, तेव्हापासून वजडी हा एकच पदार्थ तिच्या घशाखाली उतरत नव्हता. पण ज्या बाईने आपल्याला पोटच्या पोरीसारखं सांभाळलं, तिला हे सांगणार कोण?

"वा मावशी, फक्कड झालीय!" ब्रिटा म्हणाली. "पण खरंच पोट भरलं हो आता."

आणि उरलेली वजडी टेबलाखाली कोकी कुत्र्याच्या पोटात गेली. टेबलाच्या टोकाला ओफेलियाचे वडील, नोनो एवारिस्तो, ताटात तोंड घालून मुकाट जेवत होते. इथे अर्जेंटिनात, रोसारियोत, आमच्याकडे आजोबांना नोनो म्हणतात. एवारिस्तो तर अख्ख्या गल्लीचेच नोनो. वयाची ऐंशी उलटली, तरी मिशी काळीभोर आणि मान ताठ. ती मिशी कशामुळे काळी आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण बोलायची कोणाची छाती नव्हती.

आता ही अमेरिकेतल्या मिनेसोटाची पोर म्हाताऱ्यांच्या स्पर्धेत कशी काय अडकली, ते सांगायला हवं. बाकीची परदेशी पोरं शनिवार-रविवार आला की नदीकाठच्या बारमध्ये एकमेकांशी इंग्रजीत गप्पा हाणायची, नाहीतर बस पकडून कुठेतरी फोटो काढायला जायची. ब्रिटाही सुरुवातीला गेली. मग एका शनिवारी नोनोंची घरी राहिलेली टोपी द्यायला म्हणून ती आमच्या अल्बोरादा क्लबात आली, आणि गेलीच नाही. आमचा क्लब म्हणजे तरी काय, पत्र्याखालची दहा टेबलं, मागे बोचेच्या गोट्या खेळायचं अंगण, आणि भिंतीवर एक लांबलचक लाकडी पाटी. पण शनिवारी दुपारी तिथे जो कलकलाट असतो ना, त्यात त्या पोरीला काय गोडी लागली देव जाणे. आमच्या म्हाताऱ्या तिला माते, म्हणजे आमचा कडू चहा, पाजायच्या, तिची स्पॅनिश सुधारायच्या, तिच्यासाठी नवरा शोधायच्या. क्लबातल्या पोरांनी तिला पत्ते शिकवले. ‘ग्रिंगा’, म्हणजे परदेशी पोरगी, हे तिचं नाव पहिल्याच दिवशी पडलं, आणि ब्रिटा म्हणून हाक मारायची कुणालाच आठवण राहिली नाही.

"तू शनिवार-रविवार म्हाताऱ्यांबरोबर घालवतेस?" युनिव्हर्सिटीतली पोरं तिला हसायची.

"हो," ब्रिटा म्हणायची. "जळता का?"

पत्ते म्हणजे त्रुको, तलवार, सोटा, पेला आणि नाणं अशा चार रंगांच्या पत्त्यांचा खेळ. दोघादोघांच्या जोड्या, जोडीदार समोरासमोर, प्रत्येकाच्या हातात तीन पत्ते. ज्याच्याकडे पत्ते भारी तोच जिंकतो असं मुळीच नाही. ‘त्रुको!’ म्हणून आव्हान द्यायचं, समोरचा घाबरून पत्ते खाली टाकतो का बघायचं. न घाबरता ‘घेतलं!’ म्हणाला, तर गुण दुप्पट. तोंडाने वाटेल तेवढं खोटं बोलायची मुभा. पण जोडीदाराला जी खूण करायची, भुवया, ओठ, डोळे, ती खोटी करायची नाही. खोटी खूण केलेल्या माणसाबरोबर आमच्या क्लबात कोणी पुन्हा बसत नाही.

नोनो आणि त्यांचा जोडीदार चिचे हे त्रुकोचे बादशहा. भिंतीवरच्या पाटीवर दरवर्षीच्या विजेत्यांची नावं रंगवतात, तिथे ‘एवारिस्तो – चिचे’ इतक्यांदा आलंय की नवा माणूस विचारतो, दुसरं कोणी खेळत नाही का इथे? पण एप्रिलमध्ये चिचे गेला. त्यानंतर नोनोंनी क्लबात पत्त्याला हात लावला नाही. घरी तेवढं ब्रिटाला शेजारी बसवून खुणा शिकवायचे, डाव समजावायचे. "तुझं तोंड म्हणजे काच आहे काच," वैतागून म्हणायचे. "पोटातलं सगळं दिसतं. खोटं बोलायला शीक!"

मग आदल्या शनिवारी स्पर्धेची नावं घेत होते, तेव्हा पिरुचोने खडा टाकला. पिरुचो म्हणजे नोनोंचा जन्माचा स्पर्धक, क्लबाचा सगळ्यात मोठा तोंडाळ माणूस.

"काय एवारिस्तो, यंदा जोडीला कोण? तुझ्या कोकीला आण. निदान भुंकेल तरी!"

सगळे हसले. नोनोंनी शांतपणे मातेचा शेवटचा घोट ओढला.

"ग्रिंगा," ते म्हणाले.

"कोण? ही? अरे, हिच्या तोंडावर तर पत्ते छापलेले असतात!"

ब्रिटाचे कान लाल झाले. घरी जाताना नोनोंनी तिचा दंड धरला, हल्ली ते नेहमीच धरायचे. "तुला धबधब्याला जायचं असेल तर जा," ते म्हणाले. "पण मला एकदा त्या टेबलावर बसून बघायचंय. मी नुसता चिचेच्या जिवावर जिंकत होतो, असं पिरुचो गावभर सांगतोय. हरलो तर पुन्हा नाही बसणार. पाटीकडे पाठ करून अंगणात गोट्या बघत बसेन."

धबधबा काय, तो कुठे पळून जात होता? ब्रिटाने त्याच संध्याकाळी मैत्रिणीला कळवून टाकलं की माझी वाट बघू नका.

तर रविवारी जेवून तिघं क्लबात आली. पहिला सामना ब्रिटा-नोनोंनी जिंकला, पण तो निव्वळ पत्त्यांनी जिंकून दिला. हात उचलावा तर भारीच पत्ते. दुसऱ्या सामन्यात मात्र काहीतरी बिनसलं. ब्रिटाने भुवया अशा उडवल्या की कपाळाला आठ्या पडल्या, आणि नोनोंनी शांतपणे पत्ते खाली टाकले. तिच्या हातात तलवारीचा एक्का असताना! पुढच्या डावात तिने दोन्ही डोळे गच्च मिटून घेतले, तर नोनोंनी छातीठोकपणे "घेतलं!" म्हणून आव्हान स्वीकारलं आणि आपटले. कसेबसे, समोरच्यांच्या चुकीने ती दोघं अंतिम फेरीत पोचली. तिथे पिरुचो आणि त्याचा जोडीदार, कोपऱ्यावरचा खाटीक, दोघंही बाह्या सरसावून तयार होते.

अंतिम सामन्याआधी जरा सुट्टी होती. ब्रिटा रडकुंडीला आली होती. आपल्याच खुणा चुकतायत, असं तिला वाटत होतं. ती मागच्या स्वयंपाकघरात गेली, तिथे चिचेची बायको देलिया पुऱ्या तळत होती.

"तोंड का पाडलंस गं?" देलियाने एक गरम पुरी तिच्या हातावर ठेवली.

"चिचेआजोबा फार छान खेळायचे ना? मला नाही जमत त्यांच्यासारखं."

"खेळायचा कसला, बडबडायचा!" देलिया हसली. "अख्खा क्लब कंटाळायचा. प्रत्येक पत्ता पडला की हा त्याचं नाव ओरडून सांगणार, गाणं म्हणणार, एवारिस्तोला हे टाक, ते टाक. आणि गंमत सांगू? घरी मुका होता गं! दोन-दोन दिवस शब्द नाही. मी म्हणायची, मेल्या, तुझी जीभ काय क्लबात ठेवून येतोस? तर म्हणायचा, ती तिथे कामाला जाते."

ब्रिटाचा पुरीचा घास तोंडातच राहिला.

ती दारात आली. अंगणाच्या पलीकडे नोनो खुर्चीवर बसले होते, तोंड थेट तिच्याकडे. ब्रिटाने हात हलवला. नोनो ढिम्म. तिने जीभ काढून वेडावलं, अगदी लहान पोरासारखं. नोनोंनी गंभीरपणे एकदा मिशी चोळली आणि ते तसेच समोर बघत राहिले.

दंड धरून चालणं, घरी नेहमी शेजारी बसवून शिकवणं, पत्ते अगदी नाकाला लावून बघणं, सगळं ब्रिटाला एकदम उलगडलं. टेबलापलीकडचं माणसाचं तोंड नोनोंना दिसतच नव्हतं. किती वर्षं दिसत नव्हतं, कोण जाणे. आणि चिचे, अख्ख्या क्लबाच्या शिव्या खाऊन, वर्षानुवर्षं बडबडत राहिला होता, घरच्या बायकोलासुद्धा न सांगता. असा मित्र मिळायला नशीब लागतं हो.

ब्रिटा नोनोंना काही बोलली नाही. ज्या माणसाने हे स्वतःच्या लेकीपासून लपवलं, त्याला आता कसं विचारायचं? ती नुसती जाऊन टेबलावर बसली. पत्ते वाटले गेले, खाटकाने पहिला पत्ता टाकला, आणि दुपारपासून मुकी असलेली ही पोर मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये खणखणीत आवाजात ओरडली,

"पेल्याची तिर्री टाकली खाटीककाकांनी! नोनो, माझ्याकडे हिला मारायला काही नाही. तुमचं तुम्ही बघा!"

टेबलाभोवती जमलेली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मग हशा फुटला.

"अरे, मुकी बोलायला लागली!" पिरुचोने कपाळावर हात मारला. "आणि काय बोलते! चिचे गेला म्हणून जरा कानांना आराम पडला होता!"

पण ब्रिटा नोनोंकडे बघत होती. नोनोंनी पत्ते खाली केले. त्यांची मान तिच्या आवाजाच्या दिशेने हळूच वळली. मिशी एकदा थरथरली. पोरीला कळलंय, हे त्यांना कळलं. मग त्यांनी घसा खाकरला.

"बोल गं," ते म्हणाले. "बोलत राहा."

आणि मग काय विचारता! ब्रिटाच्या तोंडाचा पट्टा जो सुटला तो थांबेना. क्रियापदं चुकली, लिंगं चुकली, पत्त्यांची नावं उलटीसुलटी झाली, पण कोणी काय टाकलं, आपल्याकडे काय आहे, सगळं ती खडान्‌खडा सांगत गेली. नोनो असे खेळायला लागले की जुनी माणसं खुर्च्या ओढून जवळ आली. काय ते आव्हान देणं, काय ते टोमणे! पिरुचो एकदा म्हणाला, "एवारिस्तो, तुझी मिशी विरघळतेय बघ घामाने," तर नोनो म्हणाले, "हो रे बाबा, तुझे केस मात्र सुरक्षित आहेत, रात्री पेटीत झोपतात." पिरुचो टोप घालतो, हे आजवर कोणी तोंडावर बोललं नव्हतं. खाटीकसुद्धा जोडीदाराकडे न बघता खो-खो हसला.

पण पिरुचो काही कच्चा नव्हता. थोड्या वेळाने त्याने टेबलावरून खाटकाकडे वाकून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "अरे, ही पोर खरंच खरं बोलते! आंधळी म्हणाली की आंधळीच असते. हिला खोटं येतच नाही!" आणि तेव्हापासून तोही ब्रिटाचे शब्द कान देऊन ऐकायला लागला. आता तिच्या आवाजाचा फायदा दोन्हीकडे होत होता. नोनोंची आघाडी सरकत-सरकत गेली, आणि दोन्ही बाजू अठ्ठाविसावर येऊन ठेपल्या. तीस झाले की सामना संपला. म्हणजे त्रुको म्हटलं आणि समोरच्याने घेतलं, तर त्या एकाच डावात निकाल.

पत्ते वाटले. ब्रिटाने तिसरा पत्ता उचलला, आणि बघते तर तलवारीचा एक्का. त्रुकोतला सर्वात मोठा पत्ता. याच्यावर काही नाही.

पहिली फेरी खाटकाने मारली, दुसरी नोनोंनी. आता प्रत्येकाच्या हातात एकच पत्ता, आणि तिसरी फेरी जो मारेल त्याचा डाव. नोनोंनी आपला टाकला, साधा घोडा. पुढची पाळी पिरुचोची. पण तो पत्ता टाकेना. तो ब्रिटाकडे टक लावून बघत होता, ती काय बोलते याची वाट बघत.

ब्रिटाने भुवईचा केससुद्धा हलू दिला नाही. आणि तिच्या तोंडून निघून गेलं,

"नोनो, मी आंधळी. काहीच नाही हो माझ्याकडे."

पिरुचोच्या हातात तलवारीची सत्ती होती, तीही काही लहान नव्हे. त्याने मूठ टेबलावर आपटली. "त्रुको!"

आणि त्याच क्षणी ब्रिटाच्या लक्षात आलं, आपण काय करून बसलो ते. पिरुचोला फसवलं खरं, पण नोनोंचं काय? आठ महिन्यांत पत्ते खेळताना पहिल्यांदा ती धडधडीत खोटं बोलली होती, आणि तेही ज्याचे आपण डोळे झालो त्याच माणसाशी! नोनो आता डाव सोडून देणार. एक गुण पिरुचोला, आणि मग एकच उरला. आमच्या क्लबात उत्तर द्यायचा मान जोडीतल्या थोरल्याचा. ती स्वतः ‘घेतलं’ म्हणूच शकत नव्हती. भुवया उडवून उपयोग नव्हता, त्या पिरुचोला दिसल्या असत्या, नोनोंना नाही.

नोनोंनी मान जराशी तिरकी केली.

"काय म्हणालीस, ग्रिंगा? पुन्हा सांग. म्हाताऱ्याला नीट ऐकू येत नाही."

आता माघार कुठली? ब्रिटा आणखी मोठ्याने म्हणाली,

"आंधळी, नोनो. खरंच हो. काही म्हणजे काही नाही."

नोनोंच्या मिशीखाली हसू पसरलं. त्यांनी दोन्ही तळवे टेबलावर टेकले.

"घेतलं!"

"वेडा झाला म्हातारा!" पिरुचो आनंदाने ओरडला आणि त्याने तलवारीची सत्ती फाडकन टेबलावर मारली. "ही घे! मार बघू!"

ब्रिटाने पत्ता उलटा केला आणि जिवाच्या आकांताने ओरडली, "तलवारीचा एक्का! नोनो, एक्का! एक्का टाकलाय मी!"

यानंतर जे झालं ते नीट सांगता येत नाही. खुर्च्या पडल्या. देलिया हातातला झारा घेऊनच बाहेर आली. ओफेलिया रडायला लागली. खाटकाने हरूनही ब्रिटाला उचलून घेतलं. पिरुचो मात्र सत्तीकडे बघत जागीच बसला होता. ही पोर खोटं बोलली, यावर त्याचा विश्वासच बसत नव्हता.

"तुला कसं कळलं?" त्याने शेवटी नोनोंना विचारलं. "मी फसलो, कबूल. पण तू का नाही फसलास? खूण तर तिने केली नाही. मी डोळ्यात तेल घालून बघत होतो!"

"खूण केली असती, तरी मला दिसली नसती," नोनो म्हणाले.

नोनो खुर्चीचा आधार घेऊन उठले आणि ताठ उभे राहिले.

"टेबलापलीकडचं माणूस मला कित्येक वर्षं दिसत नाही," ते म्हणाले. "चिचेला माहीत होतं. तो बोलायचा म्हणून मी खेळायचो. पिरुचो, तू बरोबर बोलत होतास, मी त्याच्याच जिवावर जिंकत होतो, आणि त्याचा मला अभिमान आहे. तो गेल्यावर मला वाटलं, संपलं आपलं. या पोरीला कुणी सांगितलं नाही, तिचं तिने ओळखलं. आणि एवढे तुमचे कान खाल्ले." त्यांनी मान खाली घातली नाही. "ही माझी जोडीदार. बघून घ्या सगळ्यांनी."

देलियाने झारा टेबलावर ठेवला आणि पदराने डोळे टिपावेत तसे अॅप्रनने टिपले. "म्हणजे माझ्या मुक्याची जीभ इथे खरंच कामाला येत होती तर," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर जो अभिमान होता, तो चिचे असताना कधी दिसला नव्हता.

"ते सगळं ठीक," पिरुचो अजून हटेना. "पण ती खोटं बोलतेय, हे कसं ओळखलंस?"

"अरे, आठ महिने हिच्याबरोबर जेवतोय मी," नोनो म्हणाले. "‘वजडी फक्कड झालीय, मावशी’ म्हणते ना, अगदी तस्साच आवाज."

ओफेलियाचं रडणं तिथल्या तिथे थांबलं. "काय?" ती ब्रिटाकडे वळली. "आणि मग ताट रिकामं कसं व्हायचं?"

"कोकी जाड झालाय, तो काय उगाच?" नोनो म्हणाले, आणि अख्खा क्लब हसून-हसून लोळला. ब्रिटाला कुठे तोंड लपवू असं झालं. पण ओफेलियाने तिला असं काही छातीशी धरलं की वजडीचं सगळं माफ झालं.

पाटी खाली उतरवली, रंगाचा डबा आला. आमच्या पाटीवर खरं नाव कोणाचंच नाही, हाकेचंच नाव लिहायचं. खाटकाचा हात अक्षराला चांगला, म्हणून हरलेल्यानेच लिहायला घेतलं: ‘एवारिस्तो – ग्रिंगा’. ब्रिटा बाजूला उभी राहून एकेक अक्षर बघत होती. महिन्याभरात ती तिच्या देशात परत जाणार होती. कुठेही गेली, तरी आता ती या भिंतीवर होती.

"वाचून दाखव," नोनो म्हणाले. "पार वरपासून. मोठ्याने."

ब्रिटाने वाचलं. वर्षामागून वर्ष, एवारिस्तो – चिचे, एवारिस्तो – चिचे. मधे दोनदा पिरुचो आला, तेव्हा नोनो म्हणाले, "ते जरा हळू वाचलंस तरी चालेल." मग शेवटची ओळ आली. ती तिने सगळ्यात मोठ्याने वाचली.

नोनोंनी हात पुढे केला आणि त्या शेवटच्या ओळीवरून बोट फिरवलं.

"बाबा, रंग ओला आहे!" ओफेलिया ओरडली, पण उशीर झाला होता. ग्रिंगाचं शेवटचं अक्षर पार फिसकटलं होतं, आणि नोनोंचं बोट निळं झालं होतं.

खाटकाने कुंचला पुन्हा रंगात बुडवला. पिरुचोने त्याचा हात धरला.

"राहू दे तसंच," तो म्हणाला.

ते अजून तसंच आहे.